ठाण्याच्या खाडीवरून पोर्तुगाल

ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाचा तट हा मुळात किल्ल्याचा तट होय. पोर्तुगीजांनी १७३० च्या दशकात बांधावयास घेतलेला हा किल्ला पुरा होण्यापूर्वीच, १७३७ मध्ये, मराठ्यांच्या हाती आला. पुढे इंग्रजी अमदानीत त्यात कैदी ठेवण्यात येऊ लागले. ज्यांनी हा तट उभारला त्यांच्याच भाषेतून ‘तुरुंग’ हा शब्दही आपणांकडे आला आहे. पोर्तुगीज ‘त्रोंकु’ म्हणजे झाडाचे खोड. त्यावरून कैद्याचे पाय अडकविण्याचे लाकूड, आणि त्यावरून कैदखाना. मराठीतही खोडावरूनच ‘खोडा’ झाला. अर्थाची ही वाटचाल दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे केली असूनही आपण शेवटी त्यांचा शब्द उचलला.

पोर्तुगाल हा देश आकाराने महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही लहान, आणि आज त्याची लोकसंख्या एक कोटीच्या आसपास आहे. ११४३ च्या सुमारास त्याचे स्वतंत्र राज्य मान्य झाले, १२४९ मध्ये दक्षिणेकडील मुसलमानी सत्ता संपली आणि १२९७ च्या तहाने कॅस्टीलशी त्याची जी सीमा ठरली ती थोड्याफार फरकाने आजतागायत टिकून आहे. त्याच शतकाच्या अखेरीस दिनिश राजाने दप्तरात लॅटिनऐवजी लोकभाषेला स्थान दिले आणि १२९० मध्ये विद्यापीठ स्थापिले. अरबी राजवटीच्या शतकांनी या भाषेवर खोल ठसा उमटविला. साखरेला पोर्तुगीजात ‘असूकार’ म्हणतात. तो अरबीमार्गे गेलेला आपला ‘शर्करा’च होय. ‘लारांझा’च्या मुळाशीही ‘नारंग’ आहे. तेव्हा शब्दांची ही देवघेव वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरण्याच्या कितीतरी आधीची आहे.

आपला संबंध १५३४ पासून येतो. त्या वर्षी गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगीजांना दिला आणि साष्टी बेटातील ठाणे त्यांच्या अंमलाखाली आले. देवळे पाडली गेली, धर्मांतरे झाली; ही आठवण लोकमानसात अजून आहे व ती खोटी नाही. कल्याणची कथा निराळी. तेथे पोर्तुगीजांचे हल्ले झाले, परंतु सत्ता स्थिरावली नाही. १६५७ मध्ये कल्याण घेतल्यावर शिवाजी महाराजांनी त्या खाडीत जहाजबांधणी आरंभिली, तेव्हा त्या कामावर रुई लैतांव व्हिएगश हा पोर्तुगीज माणूस होता. १६५९ मध्ये पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यास काम सोडावयास लावले. ‘मेस्त्री’ हा शब्द (मूळ ‘मेश्त्र’) अशाच एखाद्या गोदीत रुळला असावा, असा तर्क करण्याचा मोह होतो; पण तो मोहच समजावा.

शब्दांच्या बाबतीत मात्र तर्कापेक्षा बळकट आधार मिळू शकतो. लॅटिनमधील ‘पानेम्’ यातील ‘न’ पोर्तुगीजात लोपला व त्याचा अनुनासिक मागे राहून ‘पांव’ झाला. मराठीत तो ‘पाव’. ‘लैलांव’चा ‘लिलाव’ याच नियमाने झाला. ‘साबण’ मात्र या नियमात बसत नाही. पोर्तुगीज शब्द ‘साबांव’ असताना मराठीत अखेरीस ‘ण’ दिसतो, म्हणून तो अरबी ‘साबून’वरून आला असणे अधिक संभवनीय वाटते. शब्दकोशांतून त्यावर सर्रास पोर्तुगीज शिक्का मारलेला आढळतो, तो पुन्हा तपासावयास हवा.

याहून उद्बोधक उदाहरण ‘चावी’चे आहे. आज लिस्बनमध्ये या शब्दाचा उच्चार ‘शाव्’ असा करतात. सोळाव्या शतकात मात्र तेथे स्पष्ट ‘च’ होता. उत्तर पोर्तुगालच्या काही बोलींत तो अद्याप ऐकू येतो. म्हणजे राजधानीने टाकलेला उच्चार डोंबिवलीच्या चाळीतील गृहिणीने सांभाळला आहे. ‘बाल्द’ची ‘बालदी’ आणि पुढे वर्णविपर्ययाने ‘बादली’ झाली, ‘कोव्ह’चा ‘कोबी’ झाला, ‘पीपा’ला अनुस्वार मिळून ‘पिंप’ झाले, ‘गामेला’चे ‘घमेले’ होताना ‘ग’ महाप्राण झाला आणि शब्द नपुंसकलिंगी ठरला. ‘पगार’ हे तर मूळचे ‘देणे, चुकते करणे’ या अर्थाचे क्रियापद. मराठीने त्याला नाम करून महिन्याच्या पहिल्या तारखेला बांधले.

ही यादी पुन्हा वाचल्यास एक गोष्ट लक्षात येते. स्वयंपाकघर, गोदी, बाजार, मजुरी, कैद, आणि धर्मापुरते ‘नाताळ’ व ‘पाद्री’. काव्य वा विचार यांच्या क्षेत्रातील शब्द शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. कामोंइश या कवीने अनेक वर्षे गोव्यात व पूर्वेकडे काढली आणि १५७२ मध्ये ‘लुझियाद’ हे महाकाव्य प्रसिद्ध केले. त्याचा मराठीवर परिणाम शून्य. उलट दिशेने पाहता, पोर्तुगीज अंमलात राहणाऱ्या फादर स्टीफन्स या इंग्रजाने ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचले व ते १६१६ मध्ये छापले गेले. १६८४ मध्ये गोव्यात तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम निघाला, तो फसला. हुकमाने जे साधले नाही ते बादली आणि पाव यांनी निमूटपणे साधले. कोर्लईसारख्या एखाद्या गावी तर पोर्तुगीजातून जन्मलेली मिश्रभाषा आजही घराघरांत बोलली जाते.

मूळ देशाची स्थिती या काळात पालटत राहिली. १५८० ते १६४० तेथे स्पेनचे राजे होते; १७५५ च्या भूकंपाने लिस्बन उद्ध्वस्त झाले; १८२२ मध्ये ब्राझील वेगळा झाला; १९१० मध्ये राजेशाही आणि १९७४ मध्ये हुकूमशाही संपली. दप्तरे मात्र बरीचशी शाबूत आहेत. सिमांव बोतेल्यु याने १५५४ मध्ये केलेल्या महसुली नोंदवहीत वसई व तिच्या अंमलाखालील मुलखाच्या वसुलाचे तपशील आहेत, आणि ती वही १८६८ मध्ये लिस्बनला छापूनही निघाली आहे. पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरातून मराठ्यांच्या इतिहासाची केवढी सामग्री बाहेर काढली हे विदितच आहे. ठाण्याच्या दोन शतकांसाठी तसे काम व्हावयाचे राहिले आहे. आमच्या वर्गातील विद्यार्थी मोडी वाचतात, काही फारसीही शिकतात; बोतेल्युची वही उघडून वाचू शकेल असा त्यांत आज एकही नाही.