नरक्या, कॅम्प्टोथेसिन आणि संदर्भोल्लेखांचे मोजमाप

रसायनज्ञाच्या कार्याचे मूल्य ठरविताना त्याने किती निबंध प्रसिद्ध केले आणि इतरांनी त्यांचा किती वेळा आधार घेतला, हे पाहण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये अशा संदर्भसूचीची कल्पना मांडली व १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ अवतरली. पुढे २००५ मध्ये हिर्श यांनी निबंधसंख्या आणि उल्लेखसंख्या यांना एकाच अंकात गुंफणारा एच-निर्देशांक सुचविला. ह्या साधनांची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु संशोधनाचा परिणाम आणि त्याची उल्लेखसंख्या ही एकच वस्तू नव्हे, हे एका अल्कलॉइडाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

नंदुरबार येथे १९२५ मध्ये जन्मलेले व मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी हे सेंद्रिय रसायनज्ञ पुढे अमेरिकेत गेले. उत्तर कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट ह्या संस्थेत त्यांनी मनरो वॉल यांच्यासमवेत वनस्पतिज द्रव्यांचा शोध आरंभिला. कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा ह्या मूळच्या चीनमधील वृक्षापासून त्यांनी कॅम्प्टोथेसिन वेगळे केले आणि १९६६ मध्ये त्याची संरचना प्रसिद्ध केली. पाठोपाठ १९७१ मध्ये टॅक्सॉलची संरचनाही त्याच प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झाली. कर्करोगावरील औषधांच्या इतिहासात ह्या दोन निबंधांचे स्थान फार वरचे आहे.

कॅम्प्टोथेसिनचा दुसरा धागा महाराष्ट्रात सापडतो. टी. आर. गोविंदाचारी हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील ख्यातनाम अध्यापक १९६३ मध्ये मुंबईतील गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे संचालक झाले. त्यांनी व एन. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये मॅपिया फोटिडा ह्या भारतीय वनस्पतीतून तेच अल्कलॉइड मिळाल्याचे जाहीर केले. मराठीत नरक्या म्हणून ओळखला जाणारा हा लहान वृक्ष सह्याद्रीतील सदाहरित वनांत वाढतो. चिनी वृक्षाच्या तुलनेने त्यात हे द्रव्य अधिक प्रमाणात आढळते.

निबंध अवघ्या काही पृष्ठांचा होता आणि त्याचा काळही प्रतिकूल होता. कॅम्प्टोथेसिनच्या विद्राव्य क्षाराची रुग्णांवरील चाचणी १९७०च्या दशकाच्या आरंभीच विषारी परिणामांमुळे थांबली होती. पुढे १९८५ मध्ये हे द्रव्य पेशीतील टोपोआयसोमरेज-१ ह्या विकराला निष्प्रभ करते, असे सिद्ध झाले, आणि मग चित्र पालटले. अमेरिकेत १९९६ मध्ये टोपोटेकान व इरिनोटेकान ही त्याची दोन रूपे औषधे म्हणून मान्य झाली. १९७२ चा निबंध होता तोच राहिला. बदलला तो त्याचा अर्थ. संदर्भसूचीत ही दीर्घ प्रतीक्षा केवळ काही अल्प संख्यांची ओळ म्हणून दिसते.

दुसरी अडचण नावाची. मॅपिया फोटिडा पुढे नोथापोडायटस फोटिडा झाली व त्यानंतर नोथापोडायटस निम्मोनियाना. हे अखेरचे विशेषण जॉन ग्रॅहॅम यांनी १८३९ च्या मुंबई परिसरातील वनस्पतींच्या सूचीत योजिले होते. एकाच झाडाचे वाङ्मय तीन नावांखाली विखुरले असता, नावावरून शोध घेणाऱ्याच्या हाती त्याचा एक भागच लागतो. तिसरी अडचण यशाचीच आहे. औषध वैद्यकात रुळले की वैद्य त्याचे नाव घेतात. मूळ निबंधाचा उल्लेख मात्र गळून पडतो.

सर्वांत मोठा परिणाम मात्र कोणत्याच सूचीत बसत नाही. मागणी वाढताच सह्याद्रीतील नरक्याची मोठ्या प्रमाणावर तोड झाली. द्रव्य खोडात व मुळांत असल्याने झाड तोडल्याखेरीज किंवा उपटल्याखेरीज भरपूर माल मिळत नसे. ह्यावर उपाय म्हणून मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाचे प्रयत्न झाले. झाडात राहणारी एक बुरशीही हेच द्रव्य निर्माण करते, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

ह्या दृष्टीने पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे ह्या परिसरांकडे पाहिले पाहिजे. राजगड-तोरण्याचा हा घाटमाथा महाबळेश्वरच्या वनांशी एकाच डोंगररांगेने जोडलेला आहे. त्याचा बराचसा भाग १९४८ पर्यंत भोर संस्थानात होता. अशा प्रदेशातील वनस्पतीसंबंधी रासायनिक निबंध लिहिला जातो, तेव्हा त्याचा वाचक केवळ दुसरा रसायनज्ञ नसतो, व्यापारीही असतो. रसायनशास्त्राच्या इतिहासकाराने म्हणूनच उल्लेखसंख्येबरोबर वनाची स्थितीही नोंदवावी. वाणी आणि गोविंदाचारी यांची थोरवी त्यामुळे कमी होत नाही. त्यांच्या कार्याची व्याप्ती किती होती, हे मात्र तेव्हाच पुरते कळते.