इंदूरची भटकी कुत्री : कानाची खाच दिसते, लशीची तारीख दिसत नाही

इच्छापूर रस्त्याने इंदूरला जाणं आपल्या भागाला नवं नाही. बाजार, कॉलेज, नाहीतर एमवाय हॉस्पिटल. 2017 पासून सलग सात स्वच्छ सर्वेक्षणांत पहिला नंबर (सातव्या वेळी सुरतसोबत) मिळवलेलं हे शहर. पण रात्री सराफ्यातून परतताना गल्लीतली कुत्री गाडीमागे लागतात, आणि हुकुमचंद पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे लोकांच्या 'लाल अस्पताल'मध्ये, कुत्रा चावलेल्यांची लशीसाठी रांग असते.

कचराकुंड्या गेल्या, उकिरडे हटले, तसं कुत्र्यांचं आयतं खाणं घटलं. तरी हॉटेलांचं उष्टं आणि लोकांनी हौसेने टाकलेली पोळी-बिस्किटं उरतातच. म्हणून स्वच्छतेने एकट्याने कुत्र्यांचा प्रश्न सुटत नाही.

नियम काय सांगतो? 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार ही जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. कुत्रा पकडायचा, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, कानाला खाच पाडायची आणि त्याच भागात परत सोडायचा. सुप्रीम कोर्टाने 22 ऑगस्ट 2025 ला दिल्लीच्या प्रकरणात हीच पद्धत कायम ठेवली. रेबीजची शंका असलेला किंवा आक्रमक कुत्रा मात्र सोडायचा नाही. 7 नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन, क्रीडा संकुलं इथून उचललेली कुत्री परत तिथे सोडू नका, असं सांगितलं.

'परत कशाला सोडता?' हा प्रश्न प्रत्येक वॉर्डात ऐकू येतो. कारण साधं आहे. खाणं तिथेच राहिलं तर रिकाम्या जागेवर शेजारची कुत्री येतात, आणि त्यांना लस दिलेली असेलच असं नाही.

आता खरा हिशेब. महापालिका कुठलीही असो, आकडा सांगते तो आजवरच्या नसबंदीचा. आम्ही कॉमर्सवाले याला जमेची एकच बाजू म्हणू. नसबंदीने पिल्लावळ कमी होते, तीही काही वर्षांनी. रेबीज थांबतो तो लशीने. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साधारण 70 टक्के कुत्र्यांना लस दिलेली असली की साखळी तुटते. समजा एका वॉर्डात 1000 कुत्री आहेत आणि 700 ना लस दिली. वर्षभरात त्यातली काही मरतात, नवी पिल्लं येतात, लशीचा असर उतरतो. टक्का आपोआप घसरतो. म्हणजे ही मोहीम दरवर्षी करावी लागते. कानाची खाच इतकंच सांगते, की कधीतरी या कुत्र्याची नसबंदी झाली आणि तेव्हा लस दिली होती. पुढचा डोस झाला का, ते खाच सांगत नाही.

गोव्याने हे करून दाखवलं. मिशन रेबीज संस्थेसोबत पथकं जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरली, दरवर्षी कुत्र्यांना लस टोचली, मोबाइलवर नोंद ठेवली, शाळांत मुलांना शिकवलं. 2021 मध्ये राज्य 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' जाहीर झालं. केंद्राने देशासाठी 2030 चं लक्ष्य ठेवलंय.

तोवर माणसाने काय करावं? रेबीजची लक्षणं दिसली की जवळपास कोणी वाचत नाही, आणि ती दिसायला महिना-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणून 'काही झालं नाही' म्हणून डोस सोडणं धोक्याचं. आपल्याकडे अजून जखमेवर तिखट नाहीतर चुना लावतात. तसं करू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा. पोटातली 14 इंजेक्शनं कधीच बंद झाली. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी असते. मूल मार खायच्या भीतीने सांगत नाही, तेव्हा ओरखडा दिसला तर विचारा.

रक्त आलं असेल तर लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. ते छोट्या केंद्रात मिळालं नाही तर लशीचा पहिला डोस तिथेच घ्या आणि मोठ्या दवाखान्याकडे निघा. पहिल्या डोसनंतर सातव्या दिवसापर्यंत ते देता येतं, पण जितकं लवकर तितकं बरं.