ल्युपस आणि भौतिकोपचार

ल्युपस हा दीर्घकाळ चालणारा स्वप्रतिरक्षित आजार आहे. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर हल्ला करते. त्यामुळे सांधे, त्वचा, मूत्रपिंडे, हृदय, फुप्फुसे अशा अनेक अवयवांचा दाह होतो. दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि बहुधा १५ ते ४५ या वयात आजाराची सुरुवात होते. भौतिकोपचाराने, म्हणजेच फिजिओथेरपीने, ल्युपस बरा होत नाही आणि तो औषधांना पर्यायही नाही. मात्र थकवा कमी करणे, स्नायूंचे बळ टिकवणे व दैनंदिन कामे स्वतः करता येणे यांसाठी तो उपयुक्त ठरतो.

आवश्यकता

थकवा व सांधेदुखी यांमुळे रुग्ण हालचाल टाळतात. हालचालीअभावी स्नायू दुर्बल होतात आणि थकवा आणखी वाढतो. दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडमुळेही स्नायू क्षीण व हाडे ठिसूळ होऊ शकतात. त्यामुळे संपूर्ण विश्रांती बहुधा हिताची ठरत नाही.

उपचारपद्धती

'युलार' या युरोपीय संधिवात संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत ल्युपसच्या रुग्णांसाठी व्यायामाचा समावेश आहे. चालणे, स्थिर सायकल चालवणे, हलके वजन उचलणे, सांध्यांच्या हालचाली व श्वसनाचे व्यायाम रुग्णाच्या स्थितीनुसार ठरवले जातात. चालताना बोलता येईल इतपतच गती ठेवणे, हा श्रमाचे प्रमाण ओळखण्याचा सोपा उपाय होय. जड भांडे दोन्ही हातांनी उचलणे, कामे टप्प्याटप्प्याने करणे व मध्ये विश्रांती घेणे हेही शिकवले जाते.

दक्षता

* आजार बळावला असता व्यायाम कमी करून सांध्यांच्या सौम्य हालचालींवर भर दिला जातो.
* थंडीने बोटे पांढरी वा निळी पडत असल्यास बर्फाचा शेक टाळावा.
* काही रुग्णांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित होतो. मांडी घालून किंवा उकिडवे बसताना जांघेत दुखू लागल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.
* छातीत दुखणे, धाप लागणे, ताप येणे किंवा पायांवर सूज येणे अशा वेळी आधी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

महाराष्ट्रातील संदर्भ

भौतिकोपचाराचे भारतातील पहिले विद्यालय १९५३ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सुरू झाले. छत्रपती संभाजीनगर येथे महात्मा गांधी मिशन संस्थेच्या महाविद्यालयात या विषयाचे शिक्षण दिले जाते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे ल्युपस बळावू शकतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि ऊनही प्रखर असते. म्हणून येथील रुग्णांनी सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर फिरणे, अथवा घरातच व्यायाम करणे श्रेयस्कर ठरते.