तळटीप : काळा पाषाण आणि चुना
१२. काळ्या पाषाणाचे देऊळ : शिखर शिंगणापूर (ता. माण, जि. सातारा) येथील शंभुमहादेवाचे मंदिर. दख्खनचा बेसॉल्ट सिलिकेट खनिजांचा असल्याने आम्लयुक्त हवेचा परिणाम त्यावर फार सावकाश होतो. अशा जुन्या बांधकामांत आधी झिजतो तो सांध्यांतला आणि गिलाव्यातला चुना. कोळसा व डिझेलच्या धुरातील सल्फर डायऑक्साइड ओलाव्याशी मिळून चुन्याचे जिप्सम करतो. उघड्यावरचे जिप्सम पावसाने धुपते. वळचणीखाली मात्र काजळी धरून त्याची काळी खपली जमते आणि सुटताना खालचा थरही घेऊन जाते. संगमरवर म्हणजे रूपांतरित चुनखडीच. म्हणून ताजमहालाच्या परिसरातील २९२ कारखान्यांनी कोळसा सोडावा अथवा स्थलांतर करावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. – संपा.