जगबुडी आलीच, तर कोणती गाडी तारेल?

सिनेमात जगाचा शेवट जवळ आला, की नायक एखाद्या चिलखती ट्रकमध्ये बसून निघतो. त्यामुळे गाडी जितकी दणकट, तितकी जगण्याची हमी जास्त, असा समज झाला आहे. खऱ्या आपत्तींमध्ये मात्र दणकट गाडीही तीन ठिकाणी अडते: रस्ता, पाणी आणि इंधन.

रणगाडाच घेतला तर?

अमेरिकेच्या एम-1 एब्रम्स रणगाड्यात सुमारे 1900 लिटर इंधन मावतं. तेवढ्यावर तो जेमतेम सव्वाचारशे किलोमीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला साधारण साडेचार लिटर. इंधनाचे टँकर मागे नसतील, तर हा रणगाडा म्हणजे लोखंडाची खोली.

सगळे एकदम निघाले तर?

सप्टेंबर 2005 मध्ये रीटा चक्रीवादळ येणार म्हणून टेक्सासमधल्या ह्यूस्टन परिसरातून लाखो लोक गाड्या घेऊन निघाले. महामार्ग तुंबले. कडक उन्हात तासन् तास अडकलेल्या अनेक गाड्यांचं इंधन संपलं. वादळ येण्याआधी, या स्थलांतरातच शंभरच्या आसपास लोक दगावले. अशा कोंडीत लहान गाडी आणि मोठी एसयूव्ही सारखीच.

पाण्यात मोठी गाडी सुरक्षित असते का?

नाही. वाहतं पाणी 30 सेंटीमीटर असलं, तरी लहान मोटार वाहून जाऊ शकते. 60 सेंटीमीटर पाणी बहुतेक मोठ्या गाड्यांनाही ओढून नेतं. 26 जुलै 2005 च्या पावसात सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हा मुंबईत काही जण बंद पडलेल्या मोटारीतच गुदमरून गेले. पाणी चढू लागलं, तर गाडी सोडणं हाच शहाणपणा.

इंधन साठवून ठेवता येईल?

फार काळ नाही. साठवलेलं पेट्रोल काही महिन्यांत खराब होऊ लागतं. त्यातलं इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. डिझेल थोडं जास्त टिकतं. पण वीज गेली, तर पंपाच्या टाकीतलं इंधनही बाहेर काढता येत नाही. इलेक्ट्रिक गाडीला छतावरचं सोलर पुरेल असं वाटतं. पण ग्रिडला जोडलेली साधी सोलर यंत्रणा वीज गेली की बंद होते. त्यासाठी बॅटरीची वेगळी सोय लागते.

मग उरतं काय?

सायकल. याचा मोठा दाखला क्युबाचा आहे. 1991 मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि तिथून येणारं स्वस्त तेल आटलं. बस थांबल्या. तेव्हा सरकारने चीनमधून दहा लाखांहून अधिक सायकली आणल्या. हवानातले लोक त्यावरून कामाला जाऊ लागले.

सायकलीला इंधन लागत नाही. रस्ता खचला, तर ती उचलून पलीकडे नेता येते. पंक्चर घरीही काढता येतं. मर्यादाही आहेत. आजारी माणूस, म्हातारे आईवडील किंवा तान्हं बाळ असेल, तर सायकल पुरत नाही. तिथे गाडीच हवी, आणि तीही इशारा मिळताच, रस्ते भरण्याआधी निघालेली.

म्हणून तयारी दोन्हींची हवी. गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये. घरात कॅरिअर असलेली एक साधी सायकल, हवेचा पंप आणि पंक्चरचं सामान असावं. गिअर जितके कमी, तितकी दुरुस्ती सोपी.