निमं वेतन

मागच्या शनिवारी पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून प्रतापगडावर गेलो होतो. (मुंबई-गोवा हायवेबद्दल काही बोलत नाही, विकेंड खराब होईल.) गडावर गाईड अफझलखान सांगत होता आणि माझ्या डोक्यात भलतंच: १० नोव्हेंबर १६५९ ला इथे जे मावळे पडले, त्यांच्या बायकांचं पुढे काय झालं?

सभासद बखरीत याचं उत्तर आहे. पडलेल्यांच्या मुलांना सांभाळलं. मुलगा नसेल तर बायकोला नवऱ्याचं निमं वेतन. म्हणजे फॅमिली पेन्शनच की हो! पण तिने पाट लावला तर वेतन चालू राहणार की बंद, हे सभासद सांगत नाही. पुढे मराठी राज्यात विधवेच्या पाटावर 'पाटदाम' नावाचा करच होता.

हा मुद्दा जुना झाला असं वाटत असेल तर ऐका. महाड तालुक्यात फौजी आंबवडे आहे, पिढ्यान्‌पिढ्या सैनिक देणारं गाव. शौर्यपदकाबरोबरचा भत्ता जवानाच्या विधवेला मिळतो, पण पूर्वी तिने दुसरं लग्न केलं की तो बंद व्हायचा. अपवाद एकच होता, नवरा म्हणून दीर निवडला तर चालू राहायचा! ही अट निघाली नोव्हेंबर २०१७ मध्ये.

अमेरिकेत ओरड असते की सरकारी मदतीमुळे बायका नवऱ्याशिवाय राहतात. तिथे काही राज्यांत घरात पुरुष सापडला की मुलांची मदत तोडत. १९६८ साली सुप्रीम कोर्टाने ते थांबवलं. आपल्याकडे मला उलटं दिसतं. पैसा घर मोडत नाही, पैशाची अट बाईला जुन्या घराला बांधून ठेवते.

१९८० च्या संजय गांधी निराधार योजनेत विधवांबरोबर परित्यक्ताही आल्या, हे मोठंच पाऊल. पण विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो. महाड-पोलादपूरच्या वाड्यांतून पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेले. त्यातल्या एखाद्याची मनीऑर्डर यायची थांबली, तर त्याची बायको परित्यक्ता नक्की कुठल्या तारखेपासून? ती तारीख कुठल्याच कागदावर नसते.

२०२५ मध्ये लाडकी बहीणच्या ई-केवायसीने नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर मागितला. आम्ही फॉर्म बनवणारे लोक, 'मँडेटरी फील्ड' टाकायला आम्हाला दोन सेकंद लागतात. नंतर विधवा आणि घटस्फोटितांना कागद जोडायची सोय झाली. नवरा जिवंत, पण बेपत्ता असलेलीने काय जोडायचं?