लोणारच्या खाराचें पृथक्करण

भडगांवास गिरणेकांठच्या कोणत्याहि घरीं पापडखार म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. पण अशा खारांत किती पदार्थ एकत्र नांदतात हें विचारलें, तर आमच्या पदवीधर मंडळींसहि क्षणभर थांबावें लागेल. या प्रश्नाचा इतिहास पाहावयाचा तर खानदेशची पूर्वसीमा ओलांडून बुलढाणे जिल्ह्यांत लोणारच्या सरोवरापर्यंत गेलें पाहिजे.

तेथील खाराची ख्याति जुनी. कांच व साबण यांस लागणारें द्रव्य तेथें मिळतें, अशी नोंद ‘ऐने-अकबरी’त आहे. खार काढणारे मजूर त्याचे डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की असे प्रकार करीत. ही वर्गवारी नजरेची व बोटांची. तिला अडाणी म्हणून हंसणें बरें नव्हे. सरोवर आटूं लागलें कीं सर्व क्षार एकदम खालीं बसत नाहींत. आधीं मुख्यत्वें सोडा, मागाहून मीठ. ‘निमक’ हा शब्दच ती वांटणी सांगतो.

रसायनज्ञ मात्र खडा प्रथम पाण्यांत विरघळवितो. द्रावणांत लवणाम्ल थेंबाथेंबानें सोडून एका दर्शकाचा रंग केव्हां जातो व दुसऱ्याचा केव्हां पालटतो हें पाहिलें, म्हणजे कार्बोनेट व बायकार्बोनेट निरनिराळीं मोजतां येतात. क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटनें कळतें. पण खरी गोम पुढेंच आहे. आऱ्हेनियसनें १८८७ सालीं मांडलेल्या उपपत्तीप्रमाणें विरघळलेल्या क्षाराचे घटक द्रावणांत सुटे होतात. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड व सल्फेट असे चौघे सांपडले, तर मूळ खड्यांत कोणाचा संसार कोणाशीं होता हें द्रावण सांगत नाहीं. कोष्टकांतील जोड्या पुष्कळदां रसायनज्ञानेंच लावलेल्या असतात! लोणारास ही अडचण थोडी, कारण तेथें धातूंत सोडियमचेंच राज्य.

भूगर्भसंशोधन खात्याच्या ला टूश व क्रिस्टी यांनीं १९१२ सालीं लोणारची भूरचना व सोडा यांवर लेखन प्रसिद्ध केलें. हें विवर ज्वालामुखीचें असें त्या काळीं अनेकांस वाटे, आणि सोडाहि पाताळांतून आला असावा असें मानण्याचा मोह साहजिक होता. पण त्यासाठीं पाताळांत उतरण्याचें कारण नाहीं. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कार्बन डायऑक्साइड घेऊन काळ्या पाषाणांतील सोडियम सोडवितें, आणि सरोवरास बाहेर वाट नसल्यानें तें उन्हानें आटून तेथेंच साठतें. विवर उल्काघातानें झालें याचा सबळ पुरावा १९७३ सालीं पुढें आला, तरी सोड्याच्या या हिशेबास कोठें धक्का लागला नाहीं.